इकुल घ्यावी की सेमे?

या दोन आफ्रिकी आखूड तलवारी टेबलावर शेजारी ठेवल्या तर नजर आधी इकुलकडेच जाते. हातभराहूनही आखूड, साधारण ३५ सेंटिमीटर. पातं पिंपळपानासारखं रुंद, लाकडी मुठीच्या टोकाला गोल चकती आणि तिच्यात ठोकून बसवलेली पितळेची किंवा तांब्याची नक्षी. शेजारची सेमे तिच्यापुढे अगदी गरीब दिसते. लाल चामड्याचं म्यान, कातडं गुंडाळलेली सडपातळ मूठ, परज, म्हणजे मुठीपुढची हात वाचवणारी आडवी पट्टी, नाहीच. पण संग्रहातली पहिली आफ्रिकी आखूड तलवार घेणाऱ्याला मी सेमेच सुचवेन. का ते सांगतो, पण आधी इकुलचं कौतुक करू द्या.

इकुल काँगोच्या कसाई नावाच्या भागातल्या कुबा लोकांची. त्यांची परंपरा सांगते की सतराव्या शतकातला राजा श्याम यानं शोंगो नावाचं फेकायचं हत्यार बंद केलं आणि त्याच्या जागी इकुल आणली. म्हणून तिला शांततेची सुरी म्हणतात. एमिल तोर्दाय हा हंगेरियन मानववंशशास्त्रज्ञ १९०७ ते १९०९ या काळात त्या भागात फिरला आणि कुबा राजांचे लाकडी पुतळे त्यानं ब्रिटिश म्युझियमसाठी आणले. मांडी घालून बसलेल्या त्या राजांच्या डाव्या हातात इकुलच आहे. एका राजापुढे तर ऐरण कोरलेली आहे. लोहारकामाला तिथे केवढा मान होता, हे त्या एका ऐरणीवरून कळतं.

तो मान इकुलच्या पात्यातही दिसतो. चांगल्या इकुलचं पातं सपाट पत्रा नसतं. मधोमध उठलेली शीर असते आणि तिच्यापासून धारेकडे लोखंड घणाखाली पातळ होत गेलेलं असतं. पातं तिरप्या उजेडात धरलं की हे उतार दिसतात, बोट फिरवलं की कळतात. मुठीत धातू बसवायचं काम त्याहून नाजूक. लाकडात खाच करून पट्टी ठोकायची, लाकूड न चिरता. काही इकुलींचं पातं तांब्याचं असतं, काहींचं चक्क लाकडाचं. म्हणजे ही कापायची वस्तू नाही, मिरवायची आहे.

नेमकी इथेच गोची होते. मिरवायच्या वस्तूची नक्कल करणं सोपं, कारण ती कापते का हे कुणी पाहत नाही. पत्रा कापून पानाचा आकार द्यायचा, मुठीला काळं पॉलिश मारायचं, चार पितळी खिळे ठोकायचे, की झाली ‘पुरातन’ इकुल. पात्याची जाडी सगळीकडे सारखी असेल, कडांवर ग्राइंडरचे ओरखडे असतील, तर किंमत न विचारता पुढे जा. जुन्या मुठीला हातानं आलेली झळाळी असते आणि ती सगळीकडे सारखी नसते. अंगठा टेकतो तिथे जास्त, चकतीच्या खालच्या बाजूला कमी. कुबा लोक अंगाला आणि वस्तूंना तुकुला नावाची लाल लाकडाची पूड लावत. तिचा अंश नक्षीच्या खाचांत दिसला तर चांगली खूण. पण लाल रंग तर कुणालाही चोळता येतो, म्हणून एकट्या तिच्यावर विसंबू नका.

सेमेची गोष्ट बरोबर उलटी आहे. ती पूर्व आफ्रिकेतल्या मसाई लोकांची. त्यांच्या समाजात लोहारांचा, म्हणजे इल-कुनोनोंचा, गटच वेगळा. त्यांच्यावाचून कुणाचं चालत नसे आणि तरी त्यांना हलकं मानत. त्यांनी घडवलेली सेमे कमरेला उजव्या बाजूला लटकवून तरुण योद्धे हिंडत. पातं मुठीजवळ अरुंद आणि टोकाकडे रुंद होत जाणारं, त्यामुळे वजन पुढे जातं आणि घाव खोल बसतो. झाडोरा तोडायलाही तीच.

लोखंड बहुतेकदा बाहेरून आलेलं. कितीतरी सेमे परदेशी कानशींपासून घडवल्या आहेत, आणि पात्यावर कानशीचे दाते अजून पुसट दिसतात. आपल्याकडे युरोपी पात्याला इथली मूठ बसवली की तिला फिरंग म्हणत. सेमेचा लोहार त्यापुढे गेला. त्यानं परक्या कानशीचं पुन्हा लोखंड केलं आणि त्यातून आपल्या सोयीचं पातं काढलं. मला ही कारागिरी इकुलच्या नक्षीइतकीच मोठी वाटते, फक्त ती काचेच्या कपाटात उठून दिसत नाही.

आणि नवख्याला सोय अशी की सेमे फारसं खोटं बोलत नाही. दाते दिसले तर कानस, नाहीतर नंतरच्या काळातला मोटारीचा कमानपाटा. दोन्ही खऱ्याच, फक्त वय आणि भाव वेगळे. एक मात्र पाहा: म्यान आणि पातं एकमेकांचंच आहे का? पातं आत सैल खुळखुळत असेल किंवा अर्ध्यात अडकत असेल तर जोडी नंतर लावलेली आहे. पर्यटकांसाठीच्या सेमेचं म्यान भडक लाल आणि कोरं करकरीत असतं. जुन्याचं चामडं गळ्यापाशी हाताळून काळपट पडलेलं असतं.

हात बसला, पात्याचे उतार ओळखता यायला लागले, की मग इकुल घ्या. तोपर्यंत संग्रहालयांत चांगल्या इकुली बघत राहा. ज्यांना भिंतीवर एकच देखणी वस्तू हवी आहे आणि जाणकार माणूस सोबत आहे, त्यांनी मात्र सरळ इकुलच घ्यावी. माझा सल्ला त्यांच्यासाठी नाही.

परदेशातून भारतात आणणार असाल तर पैसे मोजण्याआधी कस्टम्स आणि स्थानिक पोलिसांकडे चौकशी करा. नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची हत्यारं आपल्या शस्त्र नियमांत येतात. सेमे लांबीमुळे सापडते आणि इकुल ‘शांततेची’ असली तरी बहुधा रुंदीमुळे. घरी आल्यावर दोघींनाही चिंच किंवा पितळेचं पॉलिश लावू नका. मऊ फडक्यानं धूळ पुसा, लोखंडावर पातळ तेलाचा हात फिरवा, आणि सेमे म्यानात घालून ठेवू नका. पावसाळ्यात चामडं ओल धरतं.