उद्यमनगरातलं बिनपाटीचं गॅरेज: जुन्या फियाटवाल्यांसाठी

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या या गॅरेजला पाटी नाही, बिलबुक नाही, आणि नाव-नंबर कुठं टाकू नका म्हणून मेस्त्रींनी बजावलंय. तरी लिहितेय, कारण जुनी पेट्रोल गाडी दारात असलेल्यांचे इथं पैसे वाचतील. माझे वाचले.

गाडी सासऱ्यांची. १९६८ ची फियाट ११०० डिलाइट, १०८९ सीसी, हँड गिअर (स्टीअरिंगजवळचा). प्रीमियरनं ही कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून बनवली आणि पुढं तीच थोड्याफार फरकानं प्रेसिडेंट आणि मग पद्मिनी झाली. त्यामुळं इंजिनाचे बरेच पार्ट पद्मिनीचे चालतात. आणि चालतात म्हणूनच पन्नास वर्षांत कुणी काय काय बसवून ठेवलेलं असेल, सांगता येत नाही.

दुखणं असं होतं: गावात गाडी झकास. इचलकरंजीहून कोल्हापूरला निघालं की हातकणंगल्याच्या पुढं टेंपरेचरचा काटा चढायचा, ओढ कमी व्हायची आणि गाडी बंद. बोनेट उघडून अर्धा तास उभं राहिलं की पुन्हा सुरू. ज्याला विचारावं तो म्हणे, पेट्रोल उकळतंय, पंपावर ओलं फडकं टाका. हा उपाय खोटा नाही. गाडीतला पेट्रोलपंप इंजिनालाच चिकटलेला असतो, तापला की नळीत वाफ धरते. पद्मिनी टॅक्सीवाले उन्हाळ्यात हेच करायचे. माझ्या गाडीला मात्र त्यानं ढिम्म फरक पडला नाही. मग एका मोठ्या गॅरेजनं बोअरिंग (इंजिनाचे सिलिंडर आतून कातणं) सांगितलं, दुसऱ्यानं तर "हे काढून व्हॅनचं इंजिन टाकून देतो" म्हटलं. माझं औषधांचं दुकान आहे. ताप कशाचा हे न बघता थेट भारीतलं अँटिबायोटिक मागणारी माणसं काउंटरवर रोज भेटतात. या दोघांच्या बोलण्याची जात तीच.

उद्यमनगरातल्या मेस्त्रींनी आधी काहीच उघडलं नाही. "ताई, चला, बंद पडस्तोवर फिरवून आणू." (साहेब कुठं आहेत, गाडी कोण चालवतं, असलं काही विचारलं नाही. बायकांनो, याचे वेगळे मार्क द्या.) कागलच्या रस्त्याला गाडीनं मान टाकली. गार व्हायच्या आत त्यांनी कार्बोरेटरला जाणारी नळी काढून बाटलीत सोडली आणि पंपाची छोटी दांडी हातानं मारली. पेट्रोल भसाभसा आलं. नळी परत लावली, बाटलीला बूच मारून ती लांब नेऊन ठेवली, सांडलेलं पुसलं. मग कॉइलची मधली वायर डेल्कोतून (म्हणजे प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरमधून) उपसून तिचं टोक बॉडीपासून पाव इंचावर धरलं आणि मला सेल्फ मारायला सांगितलं. ठिणगी पडली, पण पिवळट आणि मरतुकडी.

"पेट्रोल हाय, आग न्हाई. कंडेन्सर गेलाय."

करंगळीएवढा कंडेन्सर, ठिणगीच्या सर्किटमधला. तापला की आतून दगा देतो, निवला की पुन्हा कामाला लागतो. पेट्रोल उकळल्याची लक्षणंही हुबेहूब हीच, म्हणून तर सगळे पंपाच्या मागं लागतात. नंतर पॉइंट (ठिणगीसाठी उघडझाप करणारे डेल्कोतले दोन संपर्क) काढून दाखवले: एका बाजूला खड्डा, समोरच्या बाजूला त्याच धातूचा उंचवटा. कंडेन्सर धड नसल्याची खूण.

पण ओढ का नाही आणि काटा का चढतो, हे एवढ्यानं सुटत नव्हतं. त्याचं उत्तर डेल्कोतच होतं. झाकण काढून त्यांनी रोटर दोन बोटांनी पिळला. तो स्प्रिंगवर थोडा फिरून सोडल्यावर झटकन मागं यायला हवा. आमचा पिळला तिथंच बसला. "रेस वाढली की ह्यानं पुढं सरकाय पायजे. हे हलंनाच झालंय." आत दोन वजनं असतात, वेग वाढला की ती बाहेर फाकतात आणि ठिणगी लवकर पडते. आमच्या डेल्कोतलं ग्रीस वाळून खरवस झालेलं, वजनं जाम. म्हणजे हायवेला ठिणगी कायम उशिरा, जोर कमी आणि उष्णता जास्त. इंजिनाचा यात काडीचा दोष नव्हता.

डेल्को पूर्ण खोलून साफ केला, बूश बदलला, जुन्या स्टॉकमधला कंडेन्सर आणि नवे पॉइंट टाकले. टायमिंगला मशिन-बिशिन नाही. बारा व्होल्टचा बल्ब, दोन वायरी, आणि टॉप गिअरमध्ये गाडी ढकलून इंजिन खुणेवर आणायचं. डेल्को हळूहळू फिरवत ज्या क्षणी बल्ब लागला तिथं आवळायचा. सगळं मिळून २,४०० रुपये. बोअरिंगचा आकडा ६५,००० होता. त्यानंतर ऐन मे महिन्यात दुपारी पन्हाळ्याचा चढ मारला, काटा मधल्या रेघेवर.

मग विश्वास बसला आणि ब्रेकही दिले. व्हील सिलिंडरला आतून गंजाचे खड्डे होते. नुसतं रबर किट बदलून द्यायला त्यांनी साफ नकार दिला. शेजारच्या गल्लीतल्या लेथवर सिलिंडर मोठा करून आत पितळी स्लीव्ह बसवली, मग किट. वॉटर पंपाचा शाफ्टही तिथंच कातला. पार्ट मिळत नसेल तर चार दुकानं सोडून कुणीतरी तो बनवतो, हे उद्यमनगरचं वैभव, आणि पुण्या-मुंबईच्या गाड्या इथवर येतात त्या त्यासाठीच.

पेट्रोलबद्दल त्यांचं ऐका. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं. आपल्याच उसाचं आहे म्हणून कौतुक करावं, पण १९६८ च्या रबराला ते सोसत नाही. गाडीतल्या पंपाचा डायफ्राम (आतला पडदा) फुगतो, नळ्या मऊ पडतात, टाकीतला जुना गंज सुटून फिल्टरमध्ये येतो. त्यांनी नळ्या आणि डायफ्राम इथेनॉल सोसणारे टाकले आणि महिनाभर गाडी उभी ठेवणार असाल तर टाकी रिकामी करा म्हणून सांगितलं.

काढलेला प्रत्येक पार्ट पिशवीत घालून, वर खडूनं लिहून परत देतात. ही नुसती हौस नाही. २०२१ च्या केंद्राच्या नियमांप्रमाणं पन्नास वर्षांवरची गाडी 'व्हीए' मालिकेत व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, पण चॅसिस, बॉडी आणि इंजिन मुळातलं हवं. व्हॅनचं इंजिन टाकलं असतं तर तो रस्ताच बंद झाला असता. मी अजून तशी नोंदणी केलेली नाही, कारण त्या नंबरवर गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही आणि मला बाजारहाटाला लागते.

आता तक्रारी. "आठ दिवसांत देतो" म्हणजे महिना धरा. फोन उचलत नाहीत. हिशेब कॅलेंडरच्या पाठीमागं लिहितात, जीएसटी बिल मागितलं तर हसतात. शेडमध्ये दोनच गाड्या मावतात, बाकीच्या पावसात. जूननंतर गाडी टाकणार असाल तर ताडपत्री स्वतःची न्या. पॉइंटांऐवजी इलेक्ट्रॉनिक इग्निशनचं नाव काढायचं नाही, ते मला पटत नाही, कारण आजकालचे नवे पॉइंट भिकार येतात. आणि पत्र्याचं काम इथं अजिबात देऊ नका. दाराच्या खालच्या कडेला त्यांच्या ओळखीच्या माणसानं गंज न कापता वरून लांबी (पुट्टी) भरली होती. कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक फिरवल्यावर चिकटेना, तेव्हा कळलं. ते काम मी मिरजेत पुन्हा करून घेतलं, गंजका पत्रा कापून नवा जोडून.

इंजिन, डेल्को, कार्बोरेटर, ब्रेक: पाचपैकी पाच. वेळ आणि पत्रा: दीड. सोमवारी बंद. सकाळी दहाच्या आत गेलात तर मेस्त्री स्वतः भेटतात, नंतर पोरं असतात; पोरांच्या हाती डेल्को देऊ नका.