बाह्य एसएसडीवरून चालणारा मॅक मिनी: दहा महिन्यांचा अनुभव आणि मधले पोर्ट

17 मे 2025 च्या रात्री माझ्या बाह्य ड्राइव्हवर मॅकओएस 15.5 चा अपडेट तिसऱ्यांदा फसला, तेव्हा ही सगळी मांडणी मोडून टाकायची आणि पदरचे पैसे घालून जास्त साठवणीचा संगणक घ्यायचा, असे मी घरी सांगूनही टाकले होते. आज नोव्हेंबरात तोच संगणक, तोच ड्राइव्ह आणि तीच मांडणी माझ्या टेबलावर आहे आणि गेल्या सहा महिन्यांत एकही अपडेट अडलेला नाही. बदलले आहे ते एवढेच, की ड्राइव्हची केबल आता वेगळ्या भोकात बसते. एवढ्याशा बदलापर्यंत पोहोचायला मला सात आठवडे लागले, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

माझा व्यवसाय पुस्तकांच्या आणि दिवाळी अंकांच्या अक्षरजुळणीचा आहे आणि मी सोलापुरात राहते. एम4 चिपचा मॅक मिनी घेताना 256 जीबीच्या मूळ प्रकाराची भारतातली किंमत 59,900 रुपये होती आणि 512 जीबीसाठी 79,900 रुपये मोजावे लागत होते. केवळ 256 जीबी वाढीव जागेसाठी वीस हजार रुपये देणे माझ्या मनाला पटेना. त्याऐवजी मी 1 टीबीची एनव्हीएमई पट्टी (वेगवान एसएसडीचा एक प्रकार) आणि ती बसवायची डबी, म्हणजे सेकंदाला 40 गिगाबिटचे एन्क्लोजर, मिळून 15,400 रुपयांना घेतले, त्यावर मॅकओएस बसवले आणि जानेवारीपासून संगणक तिथूनच सुरू करू लागले. चौपट जागा, शिवाय साडेचार हजारांची बचत. आत्तापर्यंतच्या हिशेबात ही बचत टिकून आहे, हे आधीच सांगते.

वेगाबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. वाचनाचा वेग सेकंदाला 2,800 मेगाबाइटच्या आसपास मिळतो आणि चारशे पानांचे चित्रमय पुस्तक उघडताना आतला ड्राइव्ह आणि हा ड्राइव्ह यांत मला फरक जाणवत नाही. सुरू व्हायला काही सेकंद जास्त लागतात, पण त्याने काही अडत नाही. जानेवारीच्या अखेरीस आलेला 15.3 चा अपडेटही कोणतीही कुरबूर न करता पार पडला होता, आणि तेव्हा मी हा अनुभव लिहिला असता तर मुक्तकंठाने स्तुतीच केली असती.

मार्चमध्ये मी नवा मॉनिटर घेतला. त्याच्यासोबत आलेली केबल आखूड होती आणि ती मागच्या बाजूला एचडीएमआयला लागून असलेल्या थंडरबोल्ट पोर्टापर्यंतच नीट पोहोचत होती. तिथे आधी ड्राइव्ह जोडलेला होता. मी ड्राइव्ह काढून शेजारच्या, म्हणजे मागच्या तिन्ही थंडरबोल्ट पोर्टांपैकी मधल्या पोर्टात लावला आणि कामाला लागले. संगणक नेहमीसारखा त्याच ड्राइव्हवरून सुरू झाला, वेगही तोच राहिला. त्यामुळे आपण काही बदल केला आहे, ही गोष्टच माझ्या डोक्यातून गेली. पुढच्या साऱ्या मनस्तापाचे मूळ इथे होते, पण ते त्या वेळी दिसण्याजोगे नव्हते.

31 मार्चला 15.4 आले. अपडेट उतरला, तयारी पूर्ण झाली, संगणक पुन्हा सुरू झाला, पडद्यावरची पट्टी थोडी पुढे सरकली आणि पुन्हा एकदा रीस्टार्ट होऊन जुनेच 15.3 समोर उभे राहिले. दुसऱ्या प्रयत्नात, अपडेट तयार करताना त्रुटी आली, पुन्हा प्रयत्न करा, अशा अर्थाचा संदेश आला. मी सेफ मोडमधून सुरू करून पाहिले, डिस्क युटिलिटीतील फर्स्ट एड चालवले आणि जागा तपासली, तर 600 जीबीहून अधिक मोकळी होती. टर्मिनलमधून पूर्ण इन्स्टॉलर उतरवून घेतला, ज्याचा आकार पंधरा जीबीच्या घरात होता आणि ज्यासाठी आमच्या जोडणीवर अख्खी दुपार गेली. तोही शेवटच्या टप्प्यावर अडकला.

या सगळ्यात माझी एकही फाइल गेली नाही, आणि त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. 2020 मधल्या बिग सरपासून मॅकओएसचा सिस्टिमचा भाग वेगळ्या व्हॉल्यूमवर, म्हणजे ड्राइव्हच्या स्वतंत्र विभागावर, असतो आणि संगणक त्याच्या मोहोरबंद स्नॅपशॉटवरून, म्हणजे बदलता न येणाऱ्या गोठवलेल्या प्रतीवरून, सुरू होतो. त्या भागातल्या प्रत्येक फाइलची सांकेतिक खूण जुळवून ही मोहोर तयार होते. अपडेट फसला तर अर्धवट झालेले काम टाकून जुन्या स्नॅपशॉटवर परत येता येते. म्हणूनच फसलेल्या प्रत्येक प्रयत्नानंतर माझी सगळी कागदपत्रे, टंक आणि मांडणीची चालू पाने जशीच्या तशी होती. पूर्वी अपडेट मध्येच तुटला की संगणक पुन्हा बसवण्याची वेळ येई, तो काळ मी पाहिला आहे, त्यामुळे या रचनेबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

त्या वेळी मात्र मी एका निष्कर्षावर येऊन बसले होते, की दोष एन्क्लोजरचा आहे. सोलापुरात एप्रिलमध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि ॲल्युमिनियमच्या त्या डबीला दुपारी हात लावणे कठीण होत असे. एनव्हीएमई पट्टी फार तापली की ती स्वतःहून वेग कमी करते, हे माहीत असल्यामुळे अपडेटच्या सलग मोठ्या लेखनात ती डबी दम टाकत असणार, असे मी गृहीत धरले. केबलवरही संशय घेतला आणि एकदा फोनच्या चार्जरची केबल लावून पाहिली. त्या केबली बहुधा यूएसबी 2 च्या, म्हणजे 480 मेगाबिटच्या असतात. वेग सेकंदाला चाळीस मेगाबाइटवर आला आणि फायलींचे फोल्डर उघडायलाही वाट पाहावी लागली. तेव्हा मूळ केबल निर्दोष असल्याची तरी खात्री पटली.

मग ज्या दुकानातून एन्क्लोजर घेतले होते, त्यांच्याशी पत्रव्यवहार सुरू झाला. त्यांनी आधी व्हिडिओ मागितला, मग बिलाची प्रत मागितली, मग पट्टी दुसऱ्या डबीत घालून पाहा असे सुचवले, जणू प्रत्येक ग्राहकाच्या घरी अशा दोन-दोन डब्या असतात. शेवटी त्यांनी लिहिले, की डबीचा वापर ऑपरेटिंग सिस्टिम चालवण्यासाठी केल्यास हमी लागू होत नाही. खोक्यावर, बिलावर किंवा हमीच्या कागदावर अशी अट कुठेही छापलेली नव्हती. तिन्हींची छायाचित्रे काढून मी पाठवली आणि अट कुठे आहे ते दाखवा, असे विचारले. एकोणीस दिवसांनी नवी डबी आली. मी जिंकले, असे मला तेव्हा वाटले.

मे महिन्यात 15.5 आले आणि नव्या डबीवरही तेच घडले. तीन रात्री, तीन प्रयत्न. वळिवामुळे वीज जाण्याची भीती होती आणि मॅक मिनीला स्वतःची बॅटरी नसते, म्हणून मी यूपीएस लावून शेजारी जागत बसत असे. तिसऱ्या रात्री मी वैतागून जे जाहीर केले, ते सुरुवातीला सांगितलेच आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी डबीला पंख्याचा वारा लागावा, एवढ्याच हेतूने मी तिची केबल काढून संगणकाच्या पुढच्या बाजूच्या यूएसबी-सी पोर्टात घातली. पुढची दोन्ही पोर्टे 10 गिगाबिटची आहेत, त्यामुळे वेग एक हजार मेगाबाइटच्या खाली आला. एवीतेवी संगणक बदलायचाच आहे, तर शेवटचा एक प्रयत्न करू, म्हणून अपडेटचे बटण दाबले. पाऊण तासात 15.5 बसले. मी तीन वेळा आवृत्तीचा आकडा पाहिला.

यातून मी पुन्हा चुकीचाच अर्थ काढला, की गती कमी असली की अपडेट होतो, म्हणजे 40 गिगाबिटची डबी घेणेच चुकले. पण हे मनाला पटत नव्हते, कारण 15.3 चा अपडेट त्याच वेगाने, त्याच पट्टीवर, विनातक्रार झाला होता. त्या दिवशी आणि नंतर काय वेगळे होते, हे कागदावर मांडायला बसले, तेव्हा पट्टी, केबल, खाते, मोकळी जागा हे सगळे सारखेच निघाले आणि फक्त एक रकाना वेगळा उरला, तो म्हणजे पोर्टाचा.

मग बाह्य साधन स्टार्टअप डिस्क म्हणून वापरण्यासंबंधीची अधिकृत सूचना मी पहिल्या ओळीपासून वाचली. तिथे स्वच्छ लिहिले आहे, की ॲपल सिलिकॉन (एम1, एम4 अशा ॲपलच्या स्वतःच्या चिपा) असलेल्या मॅकवर बाह्य साधनावर मॅकओएस बसवताना ते डीएफयू पोर्टात लावू नये. डीएफयू म्हणजे डिव्हाइस फर्मवेअर अपडेट, आणि फर्मवेअर म्हणजे यंत्र सुरू करणारे त्याच्या आतले मूळ सॉफ्टवेअर. संगणकाचे फर्मवेअर बिघडून तो सुरूच होईनासा झाला, तर दुसरा मॅक केबलने याच पोर्टाला जोडून फर्मवेअर पुन्हा भरता येते, आणि मॅकओएस सोनोमापासून हे काम फाइंडरमधूनही होते. प्रत्येक मॅकमध्ये असे एक ठरावीक पोर्ट असते आणि 2024 च्या मॅक मिनीत ते मागच्या तिघांपैकी मधले आहे. माझ्या सात आठवड्यांच्या त्रासाचे उत्तर या एका वाक्यात होते. त्या पोर्टातून संगणक सुरू होतो, फायली पूर्ण वेगाने उघडतात, दिवसभर काम होते, आणि अपडेटच्या वेळीच सारे अडते. त्यामुळे संशय पोर्टावर जायला वावच राहत नाही. बाहेरून तिन्ही पोर्टे सारखी दिसतात. मला यासंबंधी एकच गोष्ट कळकळीने म्हणायची आहे: संगणकाच्या अंगावर मधल्या पोर्टाशेजारी मोहरीएवढा ठिपका जरी असता, तरी माणसाने तो ठिपका कशाचा म्हणून शोध घेतला असता. मी माझ्या यंत्रावर लाल नेलपॉलिशचा तसा ठिपका दिला आहे. तुमचा मॅक वेगळा असेल तर पोर्टाची जागाही वेगळी असू शकते. एम1 मॅकबुक एअरमध्ये ते डाव्या बाजूच्या दोनपैकी बिजागरीकडचे आहे. आपल्या मॉडेलचे पोर्ट कोणते, हे अपडेटचे बटण दाबण्याआधी नक्की पाहा.

दुकानाला मी दुसऱ्याच दिवशी लिहून कळवले, की त्यांच्या पहिल्या डबीत काही दोष नव्हता आणि बदलून मिळालेली डबी परत करायला किंवा तिचा खर्च द्यायला मी तयार आहे. त्यांनी नको म्हणून कळवले. हमीच्या त्या न छापलेल्या अटीबद्दलचे माझे म्हणणे मात्र मी मागे घेतलेले नाही, कारण डबी चांगली असली तरी ते उत्तर चुकीचेच होते.

पोर्टाचा खरा कस लागला तो 29 जुलैला आलेल्या 15.6 च्या वेळी. तोवर मी दोन मीटरची केबल आणून मॉनिटर मधल्या पोर्टात हलवला होता आणि ड्राइव्ह पुन्हा एचडीएमआयशेजारी, पूर्ण वेगाच्या पोर्टात आणला होता. अपडेट पहिल्याच प्रयत्नात, कमी गतीचा कोणताही आधार न घेता झाला. उन्हाळ्याचा, केबलचा आणि वेगाचा माझा सगळा तर्क त्या रात्री निकालात निघाला.

आणखी एक गोष्ट मला उशिरा कळली, आणि ती अपडेट अडण्याचे दुसरे कारण ठरू शकते. ॲपल सिलिकॉनच्या मॅकमध्ये सुरू होण्याची पहिली पायरी नेहमी आतल्या साठवणीवरूनच घडते. बाह्य ड्राइव्हवरील मॅकओएसला परवानगी देणारे धोरणही आतच, त्या यंत्राच्या चिपमधल्या सुरक्षा-विभागाच्या सहीने ठेवलेले असते, आणि अपडेट करणारे खाते त्या व्हॉल्यूमचे मालक म्हणून नोंदलेले असावे लागते. म्हणून आतला ड्राइव्ह पूर्ण निकामी झाला तर बाह्य ड्राइव्ह कितीही ठणठणीत असला, तरी संगणक त्यावरून सुरू होणार नाही. जूनमध्ये मी माझा ड्राइव्ह घेऊन आमच्या नेहमीच्या छापखान्यात गेले आणि तिथल्या मॅकवरून सुरू करायला निघाले, तर त्याने त्या यंत्राच्या मालकाचा पासवर्ड मागितला. इंटेलच्या जुन्या मॅकवर ऑप्शन कळ दाबून कुठलाही ड्राइव्ह निवडायची सवय असल्यामुळे मी क्षणभर गोंधळले, पण छापखान्याच्या मालकांनी पासवर्ड टाकल्यावर काम झाले. आतला ड्राइव्ह पुसून तिथे नुसत्या चित्रांच्या फायली ठेवाव्यात, हा माझा बेत मी त्या दिवशी कायमचा सोडला. आता तिथे मॅकओएस बसवलेले आहे, एक साधे खाते आहे आणि प्रत्येक नवा अपडेट मी आधी आतल्या ड्राइव्हवर आणि मग बाह्य ड्राइव्हवर घेते.

सप्टेंबरात मॅकओएस 26 आले, पण दिवाळी अंकांची पाने हातात असताना आणि माझे जुने मांडणीचे सॉफ्टवेअर त्यावर तपासलेले नसताना मी सिक्वोयावरच, म्हणजे मॅकओएस 15 वरच, राहिले आहे. गेल्या आठवड्यात 15.7.2 घेतले. आधी आतल्या ड्राइव्हवर, नंतर चहा होईपर्यंत थांबून बाहेरच्या. यूपीएस लावलेला होता, पण शेजारी जागत बसावे लागले नाही. मधल्या पोर्टात मॉनिटरची केबल बसलेली आहे आणि ती तिथून काढायची नाही, असे घरात सगळ्यांना सांगून ठेवले आहे.