केकेएल ४०९.१ केबल आणि जुनी ऑक्टाव्हिया आरएस : कोड वाचा, पण विश्वास आकड्यांवर ठेवा

एका टोकाला यूएसबी, दुसऱ्या टोकाला सोळा पिनांचा ओबीडी (गाडीच्या तपासणीचा) प्लग, मध्ये हातभर काळी वायर. किंमत हजार-दीड हजाराच्या घरात. २००४ च्या सुमारास आपल्याकडे आलेल्या ऑक्टाव्हिया आरएसचा (१.८ लिटर टर्बो पेट्रोल, १५० अश्वशक्ती) सेन्सर-दोष शोधायला एवढ्या पैशांत याहून कामाचं हत्यार नाही. अर्थात केबल नुसती मुकी वायर आहे. विंडोजचा जुना लॅपटॉप, व्हीसीडीएस-लाइट हे सॉफ्टवेअर आणि एक बरा मल्टिमीटर जोडीला हवाच. सॉफ्टवेअर नोंदणीशिवायही चालतं, काही सोयी तेवढ्या बंद राहतात.

बहुतेकांकडे आधीच ब्लूटूथची ईएलएम३२७ डबी (फोनवर कोड वाचायची) असते. मग ही केबल कशाला? या गाडीचा ईसीयू (इंजिनचा संगणक) के-लाइन या जुन्या तपासणीच्या वायरवर, म्हणजे प्लगच्या ७ नंबरच्या पिनवर बोलतो. स्वस्तातल्या नकली डब्यांत, खास करून ज्यांच्यावर २.१ आवृत्ती असं लिहिलेलं असतं त्यांत, हा जुना प्रोटोकॉल पुष्कळदा नीट चालतच नाही. निळा दिवा लुकलुकतो, फोन म्हणतो जोडलं, आणि गाडी गप्प. जुळलंच तरी कंपनीचे पाच आकडी कोड आणि मेझरिंग ब्लॉक (सेन्सरच्या चालू आकड्यांचे क्रमांकवार गट) डबीच्या साध्या ॲपमध्ये दिसत नाहीत. खरा माल तिथेच आहे.

घेताना आत एफटीडीआय चिप असलेली केबल मागा. सीएच३४० चिपवाली स्वस्त पडते आणि सहसा चालतेही, पण मध्येच जोडणी सुटण्याचा त्रास तिच्यात जास्त. ड्रायव्हर टाकल्यावर डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन पोर्ट नंबर १ ते ४ यांतला द्यायचा. विंडोज स्वतःहून ७ किंवा ९ देतं आणि व्हीसीडीएस-लाइटला तो दिसत नाही. केबल खराब म्हणून परत पाठवणाऱ्यांत निम्मे इथेच अडकलेले असावेत.

पोर्ट बरोबर असूनही ईसीयू उत्तर देत नसेल तर इंजिनकडे जाऊ नका, स्टिरिओ उपसा. या पिढीच्या गाड्यांत के-लाइनची एक वायर रेडिओच्या कपलरपर्यंत आलेली असते. बाजारातला सेट थेट त्या कपलरला जोडला की त्याची भलतीच पिन के-लाइनवर येते आणि सगळं निदान बंद पडतं. सेटचा कपलर काढून पुन्हा जोडून बघायला पाच मिनिटं लागतात.

आता वापर. आधी बॅटरी : गाडी रात्रभर उभी असताना १२.४ ते १२.६ व्होल्ट, चालू असताना साधारण १३.५ ते १४.४. याहून कमी असेल किंवा अर्थिंगची पट्टी गंजली असेल तर एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच कोड एकदम येतात, आणि त्यांच्यामागे धावण्यात अर्थ नाही. मग सॉफ्टवेअरमध्ये ०१-इंजिन उघडून कोड वाचा आणि ते उडवू नका. कोड उडवला की ईसीयूनं शिकलेली मिश्रणाची (हवा-पेट्रोलच्या प्रमाणाची) दुरुस्तीही शून्यावर जाते. तोच तर पुरावा. आधी मेझरिंग ब्लॉक ०३२ उघडून फोनवर फोटो काढून ठेवा.

०३२ मध्ये या दुरुस्तीचे दोन आकडे दिसतात. पहिला आयडलिंगचा, दुसरा गाडी ओढत असतानाचा. दोन्ही शून्याच्या आसपास असले तर उत्तम, अधिक-उणे १० च्या पलीकडे गेले तर गडबड. समजा १७५४४ हा कोड आलाय, मिश्रण पातळ, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल कमी. गॅरेजात सरळ लॅम्बडा सेन्सर (धुरातला ऑक्सिजन मोजणारा) बदलतात. चोर सोडून संन्याशाला सुळी! लॅम्बडा फक्त सांगतोय की हवा जास्त आहे. पहिला आकडा मोठा आणि दुसरा शून्याजवळ असेल तर कुठून तरी चोरटी हवा आत येतेय. गळती साधारण तेवढीच राहते. आयडलिंगला इंजिन मुळातच थोडी हवा घेतं म्हणून ती जाणवते, वेगात ती मोठ्या प्रवाहात बुडून जाते. उलट दुसरा आकडा मोठा असेल (सोबत बहुधा १७५३६) तर हवामापक सेन्सर कमी मोजतोय किंवा पेट्रोलचा पंप, फिल्टर थकलाय.

गळती शोधताना ०३३ ब्लॉक (लॅम्बडावरून होणारी चालू दुरुस्ती) उघडा ठेवून इनटेक मॅनिफोल्डखालचे ब्रीदरचे (इंजिनातली वाफ परत आत नेणारे) पाइप आणि ब्रेक बूस्टरची नळी, एकेक करत फडकं गुंडाळलेल्या पकडीनं हलके दाबा. ज्या पाइपला दाबल्यावर लॅम्बडाचा आकडा खाली येतो, तो चोर. वीस वर्षांचं रबर कडक झालेलं असतं, दाबताना तुटूही शकतं. तुटलं तर तोच बदलायचा होता असं समजायचं.

बेळगावात हमखास फसवणारा सेन्सर म्हणजे टर्बोच्या दाबाचा. ब्लॉक ११५, इग्निशन चालू, इंजिन बंद. प्रत्यक्ष दाबाच्या रकान्यात वातावरणाचा दाब दिसायला हवा. मॅन्युअल वाचलेल्याच्या डोक्यात १००० मिलिबार असतात, इथे दिसतात ९२५ च्या आसपास. लगेच सेन्सरची ऑर्डर! अहो, गाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटर वर आहे, हवेचा दाब इथे तेवढाच असतो. फोनवरचं हवामानाचं ॲप १०१० दाखवतं, कारण ते समुद्रसपाटीला जुळवून घेतलेला आकडा देतं. त्याच्याशी तुलना करू नका. फोनमध्येच बॅरोमीटर असेल तर त्याचा कच्चा आकडा चालतो. गोव्याला जाणं होणारच असेल तर सेन्सरची याहून चांगली परीक्षा नाही : जांबोटी, कणकुंबी करत चोर्ला उतरून साखळीला थांबलात की तोच आकडा १००५-१०१० च्या जवळ यायला हवा. वर बरोबर आणि खाली हजारच्या बराच खाली अडकलेला, किंवा दोन्हीकडे सारखाच, तर सेन्सर किंवा त्याचा कपलर गेला. कणकुंबी पट्ट्यातला पाऊस बघता आधी कपलर उघडून हिरवी बुरशी धरलीय का ते बघा.

दाबाचा कोड १७७०५ असेल तर तो सेन्सरचा दोष नव्हेच. टर्बो आणि थ्रॉटलच्या मध्ये दाब गळतोय. डायव्हर्टर व्हॉल्व्ह (टर्बोचा जादा दाब वळवणारा) काढा, आतला पिस्टन बोटानं आत दाबा, वरची बारीक नळी दुसऱ्या बोटानं बंद करा आणि पिस्टन सोडा. तो आत टिकला पाहिजे. सरकन बाहेर आला तर पडदा फाटलाय.

पाण्याच्या तापमानाच्या सेन्सरबद्दल एक गैरसमज काढायलाच हवा. "काय ओ, मीटरचा काटा नव्वदवरच हाय की, सेन्सर कशाला बदलायचा?" काटा आणि ईसीयू वेगवेगळं ऐकतात. चार पिनांच्या एकाच सेन्सरमध्ये दोन स्वतंत्र भाग आहेत, एक मीटरसाठी, एक ईसीयूसाठी. काटा बरोबर असूनही ईसीयूला इंजिन गार वाटू शकतं आणि तो पेट्रोल ओतत राहतो. तपास सोपा : सकाळी इंजिन पूर्ण गार असताना पाण्याचं आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान दोन्ही बघा, दोन-चार अंशांच्या फरकात हवेत. मल्टिमीटरनं मोजायचं तर ३० अंशांना १५०० ते २००० ओहम, ८० अंशांना साधारण २७५ ते ३७५. सेन्सर बदलताना इंजिन गार ठेवा, ओ-रिंग नवी घाला. निघालेल्या कूलंटच्या जागी दुसऱ्या रंगाचं ओतू नका.

हवामापक सेन्सर : आयडलिंगला सेकंदाला २ ते ४ ग्रॅम. पूर्ण ताणात, टर्बोत काही बदल केलेला नसेल तर, १२० ग्रॅमच्या जवळपास. हा दुसरा आकडा दुसऱ्या गिअरमध्येच घ्या, सहा हजार फेऱ्यांपर्यंत गाडी ताशी नव्वदच्या आसपास राहते. लॅपटॉप शेजारच्याच्या मांडीवर, चालवणाऱ्याच्या नाही. खानापूरच्या लाल धुळीसाठी म्हणून बसवलेले तेल लावायचे कापडी फिल्टर या सेन्सरच्या मुळावर येतात. तेलाचा थर आतल्या तापत्या पट्टीवर बसतो. खास या सेन्सरसाठीचा स्प्रे लांबून मारा, ब्रश, कापूस किंवा कार्ब क्लीनर लावू नका.

गरम गाडी बंद पडून अर्ध्या तासानं आपोआप सुरू होत असेल तर कोड असो वा नसो, स्टार्टर मारताना आरपीएमचा रकाना बघा. इंजिन फिरतंय आणि आकडा शून्यच राहिला, तर क्रँक सेन्सर (इंजिनच्या फेऱ्या मोजणारा) किंवा त्याची वायर.

केबलच्या उणिवा : के-लाइन संथ, एका वेळी तीन ब्लॉक उघडले की आकडे उड्या मारत येतात, म्हणून टर्बो तपासताना एकच उघडा. कॅन या नव्या पद्धतीनं बोलणाऱ्या गाड्यांना ती निरुपयोगी. आणि उंदरानं कुरतडलेली वायर ती दाखवत नाही. उसाच्या शेताला लागून गाडी उभी राहत असेल तर पावसाळ्यात केबलच्या आधी टॉर्च काढा.