ब्लॉक की रक्त? फुफ्फुसाच्या कॅन्सरची म्युटेशन तपासणी करताना

फुफ्फुसाचा ॲडेनोकार्सिनोमा निघाला आणि डॉक्टर म्हणाले, "म्युटेशन (गाठीच्या जनुकातला बदल) बघू, मग औषध ठरवू," की घरच्यांपुढे प्रश्न येतो: तपासणी बायोप्सीच्या ब्लॉकवर, म्हणजे मेणात बसवलेल्या गाठीच्या तुकड्यावर करायची, की गाठीतून रक्तात उतरलेला डीएनए शोधून रक्तावर, म्हणजे लिक्विड बायोप्सी? तासगावच्या आमच्या आत्याच्या वेळी ही धावपळ माझ्याकडे होती. तिने जन्मात कधी तंबाखूला हात लावला नव्हता, आणि अशा बायकांत ईजीएफआर या जनुकाचं म्युटेशन सापडण्याची शक्यता बरीच असते. सापडलं तर गोळी. पण अंदाजाने गोळी सुरू करून चालत नाही. म्युटेशन असेल तर जेफिटिनिब ही गोळी केमोपेक्षा सरस, नसेल तर केमोच बरी, हे २००९ च्या आयपास अभ्यासात स्पष्ट दिसलं.

ब्लॉकची बाजू भक्कम आहे, हे आधीच सांगतो. इम्युनोथेरपीचा (शरीराची प्रतिकारशक्ती जागवणाऱ्या औषधांचा) विचार असेल तर पीडी-एल१ या प्रथिनाची नेहमीची तपासणी ब्लॉकवरच होते. एएलके, आरओएस१ या दुसऱ्या जनुकांतले बदलही रक्तात निसटण्याची शक्यता जास्त.

मला नडलं ते वेगळंच. सुईने काढलेला तुकडा शेवयाच्या काडीएवढा. निदान पक्कं करायलाच त्यातून टीटीएफ-१, पी४० असे एकेक स्टेन (कॅन्सरचा प्रकार ओळखायच्या रंगतपासण्या) होतात, आणि प्रत्येकासाठी चार-पाच मायक्रॉनचा काप निघतो. ब्लॉक मशीनवर पुन्हा चढवला की पृष्ठभाग सपाट करतानाही थोडा माल वाया जातो. एवढं झाल्यावर म्युटेशनसाठी उरतं काय? मिरजेत ब्लॉक परत मिळवायला अर्ज, डॉक्टरांची चिठ्ठी, आधारची झेरॉक्स. काउंटरवर आधी नुसत्या स्लाइडच हातात ठेवल्या. ब्लॉक हवाय हे पुन्हा समजावावं लागलं. तो मुंबईला गेला आणि उत्तर आलं, "टिश्यू अपुरा." म्हणजे पुन्हा सीटीखाली सुई, पुन्हा फुफ्फुसाबाहेर हवा साठण्याची भीती. आत्याने सरळ सांगितलं, "परत सुई घालायची असंल तर मला न्हाई जमायचं, बाबा."

मग रक्त दिलं. सांगलीत घरी येऊन घेऊन गेले. इथे एकच गोष्ट सांभाळा: ट्यूब कुठली आहे ते विचारा. साध्या ईडीटीए ट्यूबमधलं रक्त असेल तर काही तासांतच प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पातळ भाग, वेगळा करावा लागतो, नाहीतर पांढऱ्या पेशी फुटतात आणि त्यांच्या डीएनएत गाठीचा डीएनए झाकला जातो. याच तपासणीसाठीच्या खास ट्यूबमध्ये रक्त साध्या तापमानाला काही दिवस टिकतं. आपल्याकडून पुण्या-मुंबईला कुरिअर करायचं तर तीच हवी. आणि रक्त उपचार सुरू होण्याआधी द्या. औषध लागू पडायला लागलं की रक्तातला हा डीएनए झपाट्याने कमी होतो.

रिपोर्टमध्ये एक्झॉन १९ डिलीशन हे ईजीएफआरचंच म्युटेशन निघालं आणि ओसिमर्टिनिब ही त्यावरची गोळी सुरू झाली. महिन्याभरात आत्याचा रात्रीचा खोकला थांबला. एका माणसाचा अनुभव आहे, तेवढाच धरा. तिचा आजार हाडांत उतरला होता, म्हणून रक्तात डीएनए पुरेसा सापडला असावा. गाठ छातीपुरतीच असेल, किंवा पसरली ती फक्त मेंदूत असेल, तर रक्तात काहीच न दिसण्याची शक्यता वाढते.

तरीही आजार पसरलेला असेल, तुकडा लहान असेल आणि माणूस थकलेला असेल, तर मी आधी रक्त देईन. जमलं तर ब्लॉकही त्याच दिवशी पाठवीन. दोन्ही एकदम चालू ठेवायला बहुतेक डॉक्टर हरकत घेत नाहीत, प्रश्न खर्चाचा असतो. खर्च एकाचाच झेपत असेल तर तुमच्या डॉक्टरांचं मत माझ्या मतापेक्षा वर ठेवा. आणि रक्ताचा रिपोर्ट निगेटिव्ह आला तर म्युटेशन नाहीच असं धरू नका. तेव्हा ब्लॉककडेच परत जावं लागतं, म्हणून बायोप्सीच्या आधीच डॉक्टरांना सांगा की म्युटेशनसाठी थोडा टिश्यू राखून ठेवायला लॅबला लिहा, आणि ब्लॉकचा नंबर फाइलवर टिपून ठेवा.