इंदूरच्या खेड्यांत झाडकाम: हातकरवत, पेट्रोल चेनसॉ की बॅटरी?

महू, सिमरोल, सांवेर, देपालपूर या पट्ट्यात झाडं छाटण्याचं काम सुरू करायचं ठरलं, की बहुतेक जण सरळ इंदूरचा सियागंज बाजार गाठतात आणि चेनसॉचा, म्हणजे साखळीच्या यांत्रिक करवतीचा, भाव विचारतात. माझ्या मते क्रम इथेच उलटा होतो. मशीन कुठलं घ्यायचं याच्या आधी ते चालवताना तुमचे पाय कुठे असणार, हे ठरवा. बांधावर आडव्या पडलेल्या बाभळीचे ओंडके करणं वेगळं आणि तीस फुटांवर चिंचेच्या बेचक्यात बसून कौलांवर आलेली फांदी उतरवणं वेगळं. दोन्हींना एकच हत्यार घेऊन जाणाऱ्याच्या हातून एक तर झाड बिघडतं, नाही तर त्याला स्वतःला इजा होते.

आपल्याकडची कामंही ऋतूप्रमाणे बदलतात. मे-जूनच्या वादळांनंतर मोडलेले गुलमोहर आणि नीलगिरी. आंबा उतरला की जुन्या बागेची छाटणी. हिवाळ्यात विहिरीच्या काठचं उंबर, वाड्यातला कडुनिंब, तारांकडे झुकलेला पिंपळ. वादळानंतरची कामं बहुतेक जमिनीवरची असतात, बाकीची बहुतेक झाडावरची. तुमच्याकडे कोणती जास्त येणार याचा अंदाज घेऊन पुढचं वाचा.

हातकरवत की कोयता

आपल्या खेड्यांत फांदी तोडायची म्हणजे कोयता किंवा कुऱ्हाड. दोन्ही स्वस्त, गावातला लोहार धार लावून देतो, आणि सुक्या काटक्या साफ करायला कोयत्याला तोड नाही. पण जिवंत झाडाच्या छाटणीसाठी मी कोयता हातात घेणार नाही. घाव तिरका बसतो, लाकूड चिरतं, साल खाली ओढली जाते आणि त्या फाटलेल्या जागेतून पाणी आणि बुरशी आत शिरते.

फांदी जिथे खोडाला जुळते तिथे सालीची थोडी फुगीर कडी दिसते. अमेरिकेतले वनस्पतिरोगतज्ज्ञ अ‍ॅलेक्स शायगो (१९३०–२००६) यांनी हजारो खोडं उभी चिरून दाखवलं, की झाड जखम भरून आणत नाही. ते सडलेला भाग आतल्या आत कोंडून टाकतं आणि त्यावर नवं लाकूड चढवतं. ही कोंडण्याची ताकद त्या कडीजवळ असते. म्हणून कडी शाबूत ठेवून, तिच्या अगदी बाहेर कापायचं. खोडाला घासून कापलं तर कडी जाते. हातभर ठूठ, म्हणजे फांदीचा उरलेला खुंट, ठेवलं तर ते वाळून कुजतं. इतका नेमका काप कोयत्यानं बसत नाही, करवतीनं बसतो.

जड फांदी असेल तर तीन काप. कडीपासून फूटभर पुढे खालून एक काप, जाडीच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत. मग त्याच्याही थोडं पुढे वरून दुसरा. फांदी तिथून सुटते आणि साल सोलत खोडापर्यंत येत नाही. उरलेलं ठूठ कडीजवळ तिसऱ्या कापात निघतं.

करवत घ्यायची ती ओढताना कापणारी, वाकड्या पात्याची, ३०० ते ३३० मिलिमीटरची, कमरेला म्यानात राहील अशी. जपानमधल्या ओनो शहरातली सिल्की कंपनी १९१९ पासून करवती बनवते आणि तिचं पातं खरोखर लोण्यासारखं चालतं. मात्र दात विजेनं कडक केलेले असल्यामुळे त्यांना कानस लागत नाही. धार गेली की पातंच बदलायचं. लुधियानाच्या फाल्कनची करवत बरीच स्वस्त पडते आणि सहज मिळते. काप तितका गुळगुळीत येत नाही, पण शिकण्यासाठी ती पुरेशी आहे. मनगटाएवढ्या जाडीपर्यंत हातकरवत कुठल्याही मशीनच्या बरोबरीनं काम देते, कारण मशीन वर ओढून घेणं, सुरू करणं, बंद करून लटकवणं यातच वेळ जातो. आणि नीट केलेल्या छाटणीत बहुतेक काप मनगटाएवढेच असतात.

आंब्याच्या मोठ्या कापांवर आपल्याकडे बोर्डो मलम लावतात: एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. पावसाळ्याच्या तोंडावर छाटणी होत असेल तर मी लावायलाच सांगतो. ऑइल पेंट किंवा डांबर फासू नका. त्याखाली ओल अडकते.

पेट्रोल: ३२ सीसी की ५८ सीसी

बाजारात दोन जातीची मशीनं दिसतात. एक, नावाजलेल्या कंपनीचं लहान मशीन, उदाहरणार्थ स्टिलचं एमएस १८०: सुमारे ३२ सीसी, बार (जिच्या कडेनं चेन फिरते ती लांब पट्टी) आणि चेन सोडून वजन चार किलोच्या आसपास. दुसरं, बिननावाचं किंवा वेगवेगळ्या नावांनी विकलं जाणारं ५८ सीसीचं, २२ इंची बारचं. किंमत कमी, सीसी जास्त, बार लांब. पहिल्यांदा घेणारा साहजिकच याच्याकडे वळतो.

५८ सीसीच्या बाजूनं एक गोष्ट खरी आहे: त्याचे सुटे भाग तालुक्याच्या दुकानातही मिळतात आणि कोणताही मोटरसायकल मिस्त्री ते उघडून बसवू शकतो. दिवसभर जमिनीवर नीलगिरीचे ओंडके करणाऱ्याला ते चालून जाईल. पण ते जड आहे, हाताला कंप जास्त बसतो, आणि लांब बारचं टोक आपल्याला दिसत नसलेल्या लाकडाला लागण्याची शक्यता वाढते. टोकाचा वरचा भाग लाकडाला लागला की बार उसळून चेहऱ्याकडे येतो. चेनसॉच्या सगळ्यात वाईट जखमा अशाच होतात. त्या वेळी चेन ब्रेक एका क्षणात लागायला हवा. दुकानात मशीन बघताना ब्रेक पुढे ढकलून चेन खरंच थांबते का, हे चालू मशीनवर दाखवायला सांगा. दुकानदार टाळाटाळ करत असेल तर दुसरं दुकान बघा.

माझा कौल ३२ सीसी आणि १६ इंची बारला. खेड्यातल्या कामांत त्याहून जाड खोड रोज येत नाही, आणि आलं तर दोन्ही बाजूंनी कापता येतं.

इंधनाकडे दुर्लक्ष केलं तर दोन्ही मशीनं सारखीच बंद पडतात. चांगलं टू-स्ट्रोक ऑइल असेल तर एका लिटरला २० मिलिलिटर, म्हणजे पन्नासास एक. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता इथेनॉल असतं आणि इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं. पावसाळ्यात मशीन महिनाभर पडून राहिलं तर टाकीत पाणी वेगळं होतं आणि कार्ब्युरेटरचा पडदा खराब होतो. म्हणून हवं तेवढंच मिश्रण बनवा, आणि मशीन ठेवताना टाकी रिकामी करून बंद पडेपर्यंत चालवा.

चिंच आणि बाभळीचं लाकूड चेन लवकर बोथट करतं. सालीवर माती असेल तर त्याहून लवकर. भुशाऐवजी पीठ पडायला लागलं की थांबून कानस काढा. लहान मशीनच्या चेनला बहुधा ४ मिलिमीटरची गोल कानस लागते, कोन ३० अंशांचा. वड-उंबराचा चीक चेनवर चिकटून बसतो, तो त्याच संध्याकाळी काढायचा.

झाडावर बॅटरी

झाडावर वापरायचं मशीन वेगळं असतं: मूठ वर असलेलं, लहान बारचं. ते पेट्रोलवरही मिळतं, पण तिथे मी बॅटरीच घ्यायला सांगेन. दोरीवर लटकून स्टार्टर ओढावा लागत नाही. दोन कापांच्या मध्ये मशीन आपोआप गप्प असतं, त्यामुळे खालच्या माणसाची हाक ऐकू येते. माझ्या दृष्टीनं सुरक्षिततेचा याहून मोठा फायदा दुसरा नाही. एक फूट जाडीची, दहा फूट लांबीची ओली फांदी दोनशे किलोच्या घरात जाते; ती सोडण्याआधी ‘बाजूला झालो’ हे शब्द कानावर यायलाच हवेत.

उणी बाजूही मोठी आहे. मशीन, दोन बॅटऱ्या आणि चार्जर मिळून खर्च पेट्रोलपेक्षा बराच चढा होतो. शेतावर विहिरीच्या मोटरसाठी वीज ठरावीक तासच असते. दुपारी चार्जिंग होईलच असं धरून चालता येत नाही. मे महिन्यात पारा ४० च्या वर असताना उन्हात ठेवलेली बॅटरी तापते, चार्ज घेत नाही आणि तिचं आयुष्य घटतं. सावलीत, ओल्या पोत्याजवळ पण कोरड्या डब्यात ठेवावी लागते. दिवसभर जाड कापायचं असेल तर बॅटरी पुरणार नाही.

वरची मूठ असल्यामुळे हे मशीन एका हातानं धरायचा मोह होतो. ज्याला तो आवरत नाही, त्यानं ते घेऊ नये.

वर जायचं कसं

इथे तुलना मशीनपेक्षा महत्त्वाची आहे. खेड्यात तीन रीती दिसतात: बांबूची किंवा अ‍ॅल्युमिनियमची शिडी, जेसीबीच्या बकेटमध्ये उभं राहणं, आणि दोर.

शिडीवर उभं राहून मशीन चालवू नये. फांदी सुटली की खोडाचा भार हलतो, ज्याला शिडी टेकवली तीच फांदी वर उचलली जाते. अ‍ॅल्युमिनियमची शिडी तारांजवळ तर नेऊच नका. ओलं लाकूडही वीज वाहून नेतं, म्हणून ११ केव्हीच्या तारेजवळचं काम वीज कंपनीकडून लाईन बंद करून घेतल्याशिवाय हाती घ्यायचं नाही, मालक कितीही घाई करो. जेसीबीची बकेट माती उचलायला बनवलेली आहे. तिच्यात माणूस चढवणं मला कुठल्याही परिस्थितीत मान्य नाही. शिवाय पावसानंतर माळव्याच्या काळ्या मातीत जेसीबीच काय, ट्रॅक्टरही रुततो.

राहतो दोर. सुंभाचा किंवा पिवळा प्लास्टिकचा नाही. चढाईसाठी बनवलेला, ११ ते १३ मिलिमीटर जाडीचा. त्यावर सरकणारी आणि भार आला की घट्ट होणारी गाठ, जिचा मूळ प्रकार ऑस्ट्रियाचे गिर्यारोहक कार्ल प्रुसिक यांच्या नावानं १९३१ पासून ओळखला जातो. अंगाला बांधायचा पट्टा (हार्नेस) घेताना एक फरक बघा. सियागंजात बांधकामाचे पट्टे मिळतात, आयएस ३५२१ या भारतीय मानकाचा शिक्का असलेले. ते पडणाऱ्याला धरतात, पण त्यांची कडी पाठीवर असते. त्यात बसून काम करता येत नाही. झाडासाठीच्या पट्ट्यात कडी पुढे, कमरेशी असते. तो मागवावा लागतो, महाग पडतो, आणि पहिला मोठा खर्च यावरच करावा. कापताना दोराशिवाय दुसरा आधार म्हणून खोडाभोवती आखूड पट्टाही बांधलेला हवा. बुटांचे लोखंडी काटे फक्त तोडायच्या झाडावर. ठेवायच्या झाडाला प्रत्येक काटा एक नवी जखम करतो.

चढण्याआधी बुंध्याभोवती एक फेरी. मुळाशी अळंबी, खोडात ढोली, ठोकल्यावर पोकळ आवाज असेल तर चढू नका. वर आग्या मोहोळ आहे का, हे खालूनच शोधा. वड आणि सावरीवर ते हमखास असतं, आणि त्याच्यापुढे दोरावर अडकलेल्या माणसाला पळायला वाट नसते.

म्हणून पैसे थोडे असतील तर माझा क्रम असा: आधी पट्टा, दोर, हेल्मेट आणि हातकरवत, आणि कुणाकडून तरी गाठी शिकून घेणं. त्यानंतर जमिनीसाठी ३२ सीसीचं पेट्रोल मशीन, पायांच्या संरक्षक पॅंटसह. बॅटरीचं मशीन कामं नियमित यायला लागल्यावर.

शहराच्या हद्दीत काम घ्याल तेव्हा मध्यप्रदेशाचा वृक्ष परिरक्षणाचा २००१ चा कायदा लागू होतो आणि परवानगी झाडाच्या मालकानं आधी काढलेली असावी लागते. खेड्यात सागवानाला हात लावण्याआधी वनखात्याकडे विचारा.

फांद्यांचं काय करायचं

चिपर, म्हणजे फांद्यांचा चुरा करणारं यंत्र, घ्यावं का, असं नव्यानं काम सुरू करणारे विचारतात. शहरातल्या कामांत ते उपयोगी आहे, कारण फांद्या नेण्याचं भाडं वाचतं. खेड्यात मी भाड्यानं आणायला सांगेन. इंग्रज शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी इंदूरच्या इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्रीत १९२४ ते १९३१ या काळात कंपोस्टची जी पद्धत बसवली, तिच्यात कापसाच्या आणि तुरीच्या कडक काड्या शेतरस्त्यावर पसरून बैलगाड्यांच्या चाकांखाली चुरडून घेत. ट्रॅक्टरची चाकं बारीक फांद्यांवर तेच काम करतात. शेण आणि पाल्याबरोबर थर लावले की वर्षभरात शेतकऱ्याच्या हाती खत येतं. जाड लाकूड मालक चुलीसाठी ठेवून घेतो. बाभळीच्या काटेरी फांद्या मात्र चिपरकडे किंवा खताच्या खड्ड्याकडे नेऊच नका. बांधावर एका बाजूला रचून ठेवा, कुंपणासाठी त्या शेजारचे शेतकरीच मागून नेतात.