जैसलमेर की बिकानेर? थारमध्ये चारच दिवस असतील तर

मुलांना वाळूच्या टेकड्या आणि उंटाची रपेट एवढंच हवं असेल, तर जैसलमेरच गाठा. सम हे टेकड्यांचं गाव तिथून साधारण 40 किलोमीटरवर आहे. तिथे सूर्यास्ताला फार गर्दी होते, म्हणून मी टेकड्यांच्याच दुसऱ्या गावी, खुहडीला, जायला सांगेन. तंबूतल्या कार्यक्रमात मांगणियार, म्हणजे इथले पिढीजात लोकगायक असतील, तर त्यांना कमायचा हे गजाने वाजवायचं तंतुवाद्य वाजवायची विनंती जरूर करा. ते वाद्य वाजवणारे आता फार थोडे उरलेत.

जैसलमेरचा किल्ला रावळ जैसलने 1156 मध्ये त्रिकूट टेकडीवर वसवला. आत आजही माणसं राहतात, आणि तेच त्याचं दुखणं झालंय. वाळवंटातल्या जेमतेम पावसाच्या हिशेबाने बांधलेल्या या किल्ल्यात आता नळाचं पाणी आणि सांडपाणी टेकडीत मुरतं, बुरुज ढासळतात. आतल्या हॉटेलची खिडकी कितीही सुंदर असली तरी मुक्काम खाली गावातच करा.

बिकानेरचा जुनागढ किल्ला सपाटीवर आहे, सोबत वयस्कर आईवडील असतील तर हे फार सोयीचं. राजा रायसिंहांनी तो 1589 ते 1594 या काळात बांधला. अनूप महालातलं सोनेरी काम पाहताना आपल्याकडची एक गोष्ट आठवावी. इथले राजा कर्णसिंह मोगलांच्या चाकरीत दक्षिणेत आले होते. छत्रपती संभाजीनगरात नवरात्राची जत्रा भरते तो कर्णपुरा त्यांच्याच नावाचा. त्यांचे पुत्र अनूपसिंह दख्खनच्या मोहिमांवर असताना संस्कृत हस्तलिखितं जमवून बिकानेरला पाठवत राहिले. त्यातून उभं राहिलेलं अनूप संस्कृत ग्रंथालय आजही तिथे आहे. इतिहासाची ओढ असणाऱ्याने बिकानेरच निवडावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

पक्ष्यांसाठी जाणाऱ्यांची निवड मात्र अवघड. सोलापूरजवळच्या नान्नज अभयारण्यामुळे आपल्याला माहीत असलेला माळढोक जैसलमेरकडे गोडावण म्हणून ओळखला जातो, आणि जगातले उरलेले बहुतेक माळढोक याच भागात आहेत. जड अंगाच्या या पक्ष्याला समोरच्या विजेच्या तारा वेळेवर दिसत नाहीत, त्यांना धडकून तो मरतो. राष्ट्रीय मरू उद्यान 3,162 चौरस किलोमीटरचं, त्यामुळे तो दिसेलच असं नाही. बिकानेरजवळच्या जोडबीडला मेलेली जनावरं टाकतात. तिथे हिवाळ्यात गिधाडं आणि गरुड हमखास दिसतात. वास सहन करायची तयारी हवी.

पाचवा दिवस काढता आला तर दोन्ही शहरं करा. मधला रस्ता सुमारे 330 किलोमीटरचा आहे. वाटेत फलोदीजवळ खिचन लागतं. हिवाळ्यात गावकरी तिथे कुरजांना, म्हणजे कांड्या करकोच्यांना, दाणे घालतात. आदल्या रात्री फलोदीत मुक्काम करा आणि पहाटेच निघा, कारण दाणे टिपून झाले की थवे उठून जातात.