पाचगणीच्या बंगल्यामागे नारळाची झाडं

पाचगणीच्या बंगल्याच्या खोट्या बुकिंगमध्ये ५२,००१ रुपये गेले. आकडा आधीच सांगून टाकते, कारण भेटेल तो आधी तेच विचारतो. किती गेले? आणि लगेच पुढचा प्रश्न, "पण तुम्ही कशा काय फसलात?" मी पतसंस्थेत १९ वर्षं हिशेब बघते, म्हणून हा दुसरा प्रश्न मला जास्त लागतो. फसवणारे कसे गोड बोलतात, ॲडव्हान्स कसा काढून घेतात, हे तुम्हाला माहीत आहे. मलाही माहीत होतं.

आम्ही सोलापूरचे. मे महिन्यात इथे पारा ४३ च्या पुढे जातो, टाकीतल्या पाण्याने दुपारी हात धुववत नाहीत. सासूबाई ७६ वर्षांच्या. मागच्या उन्हाळ्यात त्यांना दोनदा सलाईन लावावं लागलं. म्हणून आमचं घर, दोन्ही भावजींची आणि वन्संचं अशा चार घरांनी मिळून तीन रात्री पाचगणीला राहायचं ठरवलं. लहानथोर १४ माणसं. हॉटेलच्या चार-पाच खोल्यांपेक्षा स्वयंपाकघर असलेला बंगला बरा, सासूबाईंचं पथ्याचं जेवण होईल, हा विचार माझाच. बुकिंगचं कामही माझ्याकडेच आलं.

मोबाइलवर रील बघताना जाहिरात आली. चार बेडरूम, पोहण्याचा तलाव, केअरटेकर, रात्रीचे १४,००० रुपये. त्याच तारखांना मी ज्या दोन बंगल्यांना फोन केले होते, ते २२,००० आणि २५,००० सांगत होते. इतका स्वस्त कसा, असं मी त्या जाहिरातवाल्याला विचारलं, हे मला इथे नमूद करायचं आहे. तो म्हणाला, "ताई, एक ग्रुप ऐन वेळी कॅन्सल झाला, रिकामा ठेवण्यापेक्षा फॅमिलीला देतो. बॅचलर मुलांना मी देतच नाही." स्वच्छ मराठी, बोलण्याला वाईकडचा हेल. फसवणारे हिंदीतून बोलतात असं डोक्यात धरून बसू नका.

२६ एप्रिलला सकाळी निम्मे भाडे म्हणून २१,००० पाठवले. दुपारी अनामत १०,०००, "चेक-आउटला परत". संध्याकाळी त्याचा फोन. "ताई, बुकिंग अडकलंय, सिस्टीम गोल रक्कम घेत नाही. २१,००१ एकरकमी टाका, आधीचे २१,००० चोवीस तासांत आपोआप परत येतील." आणि मी टाकले. पहिले ३१,००० चारही घरांच्या वर्गणीचे होते, प्रत्येकी ७,७५०. ते अडकले तर जावांना काय तोंड दाखवू, या एकाच धास्तीने स्वतःच्या खात्यातले २१,००१ घातले. त्यांना हेच हवं असतं. अडकलेले सोडवायला आणखी पैसे मागितले की समजा, अडकलेले गेलेत. तिथेच हात आखडता घ्या.

पण ज्या क्षणासाठी मी स्वतःला माफ करू शकत नाही, तो याच्याही आधीचा आहे. त्याने व्हॉट्सॲपवर अकरा फोटो पाठवले होते. त्यातल्या चौथ्यात तलावामागे नारळाची चार झाडं होती. चांगली उंच, झावळ्या वाऱ्यावर पसरलेल्या. तो फोटो मी दोन बोटांनी मोठा करून पुतण्यांना दाखवला, बघा, इथे डुंबायचं. पाचगणीला मी आधी तीनदा जाऊन आले आहे. सुमारे १,३०० मीटर उंचीचं गाव. तिथे रस्त्याच्या कडेला सरळसोट सिल्व्हर ओक उभे असतात. नारळ मी तिथे कधीही पाहिलेला नाही. फोटो मोठा केला तेव्हा त्या झावळ्या माझ्या बोटांखाली होत्या आणि मी मुलांच्या चेहऱ्यांकडे बघत होते. फोटोवरून शोध घेतल्यावर नंतर कळलं, तो अलिबागकडचा बंगला आहे. हा शोध घ्यायला दोन मिनिटं लागतात. पैसे पाठवायच्या आधी घ्या.

आणि खातेदाराचं नाव. यूपीआयने पैसे पाठवताना पडद्यावर नाव येतं. मालक म्हणवणाऱ्याने साताऱ्याकडचं आडनाव सांगितलं होतं, पडद्यावर आलं कुठल्याशा ट्रेडर्सचं नाव. मी विचारलं, तर म्हणे, "सीझनमुळे माझी आजची लिमिट संपली, भावाच्या फर्मचं खातं आहे." पतसंस्थेत कुणी दुसऱ्याच्या नावाची स्लिप आणली तर मी परत पाठवते. इथे पिन दाबला. व्हिडिओ कॉलवर बंगला दाखवा म्हटलं, तर "आत पाहुणे आहेत, त्यांची प्रायव्हसी" हे उत्तर तयार होतं. आत पाहुणे असले तरी बाहेरचं फाटक दाखवता येतं. दाखवत नसेल तर फोन ठेवा.

८ मेच्या रात्रीसुद्धा तो बोलला. "उद्या किती वाजता पोहोचताय? जेवायला भरली वांगी सांगून ठेवू का? आजींसाठी बिनतिखटाचं वेगळं करायला सांगतो." आजींचं पथ्य त्याच्या लक्षात होतं.

९ मेला पहाटे टेम्पो ट्रॅव्हलरने निघालो. पंढरपूर, फलटण, वाई, मग पसरणीचा घाट. नाक्यावर प्रवासी कराची पावती फाडली. त्याने पाठवलेलं लोकेशन पाचगणीच्या पुढे, भिलारच्या अंगाला होतं. गाडी थांबली तिथे स्ट्रॉबेरी काढून झालेलं रिकामं रान होतं आणि एक पत्र्याची शेड. फोन बंद. शेतावरचे काका जवळ आले, गाडीत डोकावले आणि म्हणाले, "बंगल्याला आलाय का? या उन्हाळ्यातली तिसरी गाडी." गाडीत कुणीच काही बोललं नाही. धाकट्या जाऊबाईंनी फक्त माझ्याकडे पाहिलं. सासूबाई विचारत होत्या, "उतरायचं ना गं?" शेवटी गावात ५,५०० च्या चार खोल्या घेतल्या, एका रात्रीचे २२,०००, आणि दुसऱ्या दिवशी परत फिरलो.

आता पोलिसांचं. त्याच दुपारी १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावला. तिसऱ्या वेळी लागला. बोलणारी मुलगी नीट बोलली, हे मान्य करते. प्रत्येक व्यवहाराचा बारा आकडी क्रमांक मागितला, तक्रारीचा नंबर दिला, आणि म्हणाली की तेरा दिवस झालेत, पहिल्या तासाभरात फोन आला असता तर रक्कम रोखण्याची शक्यता जास्त होती. पण फसलोय हे मला तेराव्या दिवशी कळलं, मी पहिल्या तासात काय सांगणार होते? तुम्हाला नुसता संशय आला तरी त्याच मिनिटाला १९३० लावा. खात्री करत बसू नका.

मग तिथल्या ठाण्यात गेलो. पैसे सोलापुरातून गेले, तक्रार सोलापुरात द्या. सोलापुरात आलो तर प्रकार तिकडे घडला, खातं परराज्यातलं, सायबर पोलिसांकडे जा. सायबरला अर्ज घेतला, शिक्का मारून पोच दिली आणि गुन्हा नोंदवण्याचं नाव काढलं नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये हद्द कुठलीही असली तरी माहिती नोंदवून घ्यायची असं लिहिलेलं आहे. मी त्याची प्रत काढून नेली. टेबलामागच्या माणसाने ती वाचलीही नाही. म्हणाला, "मॅडम, बावन्न हजारच ना? इथे लोकांचे कोट्यवधी गेलेत." बावन्न हजारच! ज्या घरात महिन्याला हजार-दीड हजार बाजूला टाकून सहल ठरते, त्या घराला हा "च" लावायचा अधिकार याला कुणी दिला? शेतावरच्या काकांना तीन गाड्या दिसल्या, त्यांनी मोजल्या. ज्यांचं मोजायचं काम आहे त्यांनी एकाही गाडीची नोंद घेतली असती, तर चौथी घाट चढायच्या आधी थांबली असती.

बँकेत रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक घेऊन गेले. मॅनेजर म्हणाले, ते खातेदाराच्या परवानगीशिवाय झालेल्या व्यवहारांसाठी आहे, पिन तुम्ही स्वतः टाकलात. हे उत्तर नियमाला धरून आहे, मी भांडू शकले नाही. दीड महिन्याने निरोप आला की त्या खात्यात ३,४१२ रुपये गोठवलेत. ते सोडवायला न्यायालयाचा आदेश आणा म्हणाले. वकिलांनी फी ५,००० सांगितली.

तिन्ही घरांचे ७,७५० मी माझी ठेव मोडून परत दिले. मोठ्या जाऊबाई घेत नव्हत्या, मी ठेवून आले. स्वस्तातला बंगला मीच शोधला, पण चोरी मी केलेली नाही. आम्हाला सोडून दुसऱ्या कुणी ही चूक केली असती तर मीही "कशा काय फसलात" असंच विचारलं असतं, हे कळतं म्हणून हे लिहायला बसले.

बुकिंग करताना जाहिरातीच्या पानाचं आधीचं नाव काय होतं तेही तपासा, पानाच्या माहितीत ते दिसतं. आमच्या पानाचं नाव मार्चमध्ये बदललेलं होतं, त्याआधी ते मोबाइलच्या कव्हरचं दुकान होतं.

ते पान अजून चालू आहे. परवा त्यावर नवी जाहिरात पाहिली. माथेरानचा बंगला, रात्रीचे ९,०००, "दारापर्यंत गाडी, चार गाड्यांचं पार्किंग". माथेरानमध्ये पर्यटकांच्या गाड्या गावाबाहेरच्या दस्तुरी नाक्याच्या पुढे जाऊ देत नाहीत. मी खाली तेवढंच लिहिलं. दहा मिनिटांत ते पुसलं आणि मला ब्लॉक केलं. त्याआधी तिथे एका ताईंनी विचारलं होतं, "आम्ही अकरा जण आहोत, शनिवारी मिळेल का?"